या बाईला कोणीही मारलेले नाही

ओबदुलिया गेली ही बातमी मला बाल्दोमेरोने सांगितली, आणि ती सांगताना त्याच्या हातात कोणाच्या तरी वरच्या दातांचा ओला साचा होता. बाल्दोमेरो आमच्या चष्म्याच्या दुकानासमोरचा दातांचा डॉक्टर. तो धावत रस्ता ओलांडून आला आणि दारातच उभा राहिला.

"एवारिस्तो, चल."

"कुठे चल? माझं गिऱ्हाईक बसलंय खुर्चीत."

"ओबदुलिया फाटकापाशी बसलीय. उठत नाहीये."

ओबदुलिया ही माझी बायको. ती दिवसभर सीमेच्या फाटकापाशी उभीच असायची, तेव्हा बसली यात मला फारसे काही वाटले नाही. मी म्हणालो, "दमली असेल." बाल्दोमेरो हातातला साचा नुसता या हातातून त्या हातात घेत राहिला. तेव्हा मला कळले.

आम्ही दोघे धावलो. माझे गिऱ्हाईक डोळ्यांवर तपासणीची ती जड गोल चौकट घेऊन आमच्या मागे आले, कारण ती काढायची कशी हे त्याला माहीत नव्हते. त्याच्या मागे बाल्दोमेरोची पेशंट गळ्यात कागदी फडके बांधून, तोंड उघडे ठेवून आली, कारण तोंड मिटू नका असे डॉक्टरांनी बजावले होते. अशी आमची वरात फाटकापाशी पोहोचली. ओबदुलिया फुटपाथच्या कडेला भिंतीला टेकून बसली होती. शेजारी तिची फुलाफुलांची छत्री, आणि हातात मिस्टर व्हिटकोम यांचा चष्मा.

व्हिटकोम म्हणजे पलीकडचे, अमेरिकेतले, एक म्हातारे गिऱ्हाईक. चष्मा करून घेतला, चष्म्याचे रिकामे घर उचलून खिशात टाकले आणि निघून गेले. चष्मा मात्र काउंटरवर पुसायच्या फडक्यावरच राहिला. ते ओबदुलियाच्या लक्षात आले आणि ती मागे पळाली. म्हातारा तोवर पलीकडच्या दारातून आत गेला होता. तिने हाका मारल्या. त्याला कमी ऐकू येते. मग ती जरा बसली.

हृदय, असे डॉक्टर म्हणाले. चष्म्याच्या दोन्ही काचांवर एक ओरखडा नव्हता. हे मी सगळ्यांना सांगतो.

आमचे गाव पुएर्तो मेस्किते. मेक्सिकोच्या अगदी टोकाला, पलीकडच्या भिंतीला पाठ टेकून बसलेले. पलीकडून लोक पायी येतात. फिरते लोखंडी फाटक ढकलले की आमच्या रस्त्यावर. दात, चष्मे, औषधे, कातडी पट्टे, रंगीत कुंड्या, सगळे दोन चौकांच्या आत. हंगामात जाताना मात्र भिंतीच्या कडेकडेने लांब रांग लागते, आणि त्या रांगेतली जागा माणूस मरण आले तरी सोडत नाही. येतात ते बहुतेक म्हातारे. आपल्या गावी बर्फ पडायला लागला की चाकांवरची घरे घेऊन ते पलीकडच्या वाळवंटात हिवाळा काढतात. आम्ही त्यांना हिवाळी पाहुणे म्हणतो. या पाहुण्यांना दात आणि डोळे दोन्ही आमचे लागतात, आणि भीतीही आमचीच वाटते.

आमच्या भागात वाईट काही घडतच नाही असे मी म्हणणार नाही. महामार्गावर रात्री मीही जात नाही. पण आमच्या दोन चौकांत पाहुण्याला झालेली सगळ्यात मोठी इजा म्हणजे बाल्दोमेरो. तरी पाहुणे फाटकातून आत आले की पर्स छातीशी धरून उभे राहायचे. तिथे ओबदुलिया असायची. ती त्यांच्याशी धंद्याचे बोलायचीच नाही. "आजी, तुमच्या चष्म्याची काडी वाकडी आहे," म्हणायची, आणि एप्रनच्या खिशातून छोटा पेचकस काढून तिथल्या तिथे, फुकट, सरळ करून द्यायची. एखादी आजी विचारायची, "इथे सुरक्षित आहे ना?" त्यावर ओबदुलियाचे ठरलेले उत्तर होते : "भीती पहिल्या कोपऱ्यापर्यंतच असते. तिथवर माझ्याबरोबर चला. पुढे राहिली, तर परत घेऊन जा." अख्ख्या रस्त्याची गिऱ्हाइके अशी माझ्या बायकोने हाताला धरून आणलेली आहेत. बाल्दोमेरो हे कबूल करत नाही, पण त्याच्या क्लिनिकचा वरचा मजला ओबदुलियाच्या जिवावर चढलेला आहे.

गेलेल्या माणसासाठी म्हणतात ती नऊ दिवसांची जपमाळ झाली. नवव्या दिवशी मक्याचे वाफवलेले तमाल आणि कॉफी घेऊन झाल्यावर माझी मेव्हणी एदुविहेस हात पुसत समोर येऊन उभी राहिली. पुएर्तो मेस्कितेत मी कोणाला भीत असेन तर तिला.

"भाऊजी, क्रूस कधी?"

"कबरीवर लावलाय की."

"तो कबरीवरचा. फाटकापाशी कधी?"

आमच्याकडे माणूस जिथे पडतो तिथे क्रूस उभा करतात. कबरीत देह असतो, पण जीव गेला तो त्या जागेवरून, म्हणून त्याची खूण तिथे हवी. आमच्या महामार्गावर वळणावळणाला असे क्रूस आहेत. कोणाला त्यात काही वावगे वाटत नाही. मलाही वाटले नाही. इथेच चूक झाली, पण ही चूक आमच्यापैकी कोणीही केली असती.

मी लोहाराकडे गेलो आणि छोटासा क्रूस सांगितला. लोहाराकडे साचा एकच, ट्रकवाल्यांसाठीचा. तो भरधाव गाडीतून लांबून दिसावा अशा मापाचा असतो. क्रूस आला तो माझ्या छातीइतका उंच. पांढराशुभ्र, मध्ये काळ्या अक्षरात ओबदुलिया. आम्ही तो फाटकाला लागून, ती बसली होती त्या जागी, सिमेंटमध्ये पक्का केला. एदुविहेसने प्लास्टिकची फुले बांधली, खाली मेणबत्ती लावली. मला समाधान वाटले. काम नीटनेटके झाले होते.

मग हंगाम सुरू झाला. पाहुणा फाटक ढकलायचा, पहिले पाऊल मेक्सिकोत टाकायचा, आणि नाकासमोर क्रूस, फुले आणि जळती मेणबत्ती. काही जण टोपी काढायचे. काही जण टोपी न काढताच वळून परतीच्या रांगेला लागायचे. म्हणजे आमच्या देशात त्यांचा एकूण मुक्काम एका मेणबत्तीपुरता. मी आपला दुकानात बसून म्हणत होतो, यंदा थंडी उशिरा पडली वाटते.

एके दिवशी भर दुपारी बाल्दोमेरो दुकानात आला आणि तपासणीच्या खुर्चीत बसला.

"डोळे दुखतायत?"

"रिकाम्या खुर्च्या बघून दुखतायत. तुझ्या त्या क्रूसाने माझे दात पाडले."

"क्रूसाचा आणि दातांचा काय संबंध?"

"काल एक बाई आली होती. एकच. दाढ काढून घेतली, गुळणी केली, आणि मला विचारते, डॉक्टर, गोळी कोणत्या बाजूने आली होती?"

"कसली गोळी?"

"ओबदुलियाला लागलेली!"

मला बसावे लागले. खुर्चीत बाल्दोमेरो होता, म्हणून मी त्याच्यासमोरच्या स्टुलावर बसलो, आणि माझ्याच दुकानात मी पेशंट असल्यासारखे दिसू लागले. ओबदुलियाला गोळी! जिच्या तोंडावर शिंकायचीही कोणाची हिंमत नव्हती! अपमान कोणाचा झाला हे नक्की सांगता येत नाही, पण झाला होता एवढे खरे.

"तू एक पाटी लाव," बाल्दोमेरो म्हणाला. "इंग्रजीत. नैसर्गिक मरण म्हणून."

माझे इंग्रजी चांगले आहे, पण ते 'हे अक्षर स्पष्ट की ते' इथे सुरू होऊन 'उद्या या' इथे संपते. म्हणून पाटीचा मजकूर समितीने ठरवला. समिती म्हणजे मी, बाल्दोमेरो, एदुविहेस आणि कातडी पट्टे विकणारा पट्टेवाला, पलंगपोसवाला, औषधवाला, ज्यांना कोणी बोलावले नव्हते. मी लिहिले, 'हृदयविकाराने नैसर्गिक मृत्यू.' औषधवाला म्हणाला, "हृदयविकार म्हटलं की लोक विचारतील औषध कोणाचं होतं. ते काढा." पट्टेवाला म्हणाला, "मृत्यू हा शब्द नको, धंद्याला वाईट." एदुविहेस म्हणाली, "माझ्या बहिणीला कोणी मारलं नाही, एवढं साधं लिहायला काय होतं तुम्हा पुरुषांना?" शेवटी मोठ्या लाल अक्षरांत पाटी लागली :

या बाईला कोणीही मारलेले नाही.

दुसऱ्या दिवशी पर्यटक फाटकातून येत, पाटी वाचत, एकमेकांकडे बघत आणि थेट रांगेला लागत. आता मेणबत्तीइतकाही मुक्काम राहिला नाही. मी एका म्हाताऱ्याला थांबवून विचारले, "का हो, परत का?" तो सभ्य माणूस होता. म्हणाला, "तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण आम्ही विचारलं नव्हतं."

त्या आठवड्यात नगरपालिकेतून बोलावणे आले. तिथे पोन्सियानोसाहेब नावाचे गृहस्थ आहेत. पाहुण्यांच्या सुरक्षिततेच्या भावनेचे ते प्रमुख. मी सुरुवातीलाच सांगितले, "साहेब, आपला रस्ता पूर्ण सुरक्षित आहे."

"असणं वेगळं आणि वाटणं वेगळं, एवारिस्तो," साहेब म्हणाले. "असण्याचं खातं वरच्या मजल्यावर आहे. माझ्याकडे वाटण्याचं आहे. क्रूस स्मशानात हलवा."

"तो हलवता येत नाही. ती तिथे गेली."

"परवानगी घेतली होती?"

"मरायची?"

"क्रूसाची!"

मग मी परवानगीच्या मागे लागलो. फुटपाथ नगरपालिकेचा, पण भिंतीजवळची पट्टी केंद्राची, आणि क्रूस बरोबर सांध्यावर होता. म्हणजे पाय केंद्राचा आणि एक हात पालिकेचा. केंद्राच्या कचेरीतला अधिकारी चांगला होता, त्याने चहासारखी पातळ कॉफीही दिली. "आमच्याकडे मालाची परवानगी मिळते," तो म्हणाला. "क्रूस देशात येतोय की देशाबाहेर चाललाय?"

"उभा आहे."

"उभ्या मालाचा अर्ज नाही आमच्याकडे."

त्यातून हिवाळ्याच्या दुपारी सावली उत्तरेला लांबते. क्रूसाचे डोके तेवढे भिंतीच्या फटीतून अमेरिकेत जायचे. ओबदुलिया जन्मभर फाटकापाशी उभी राहून लोकांना इकडे बोलावत राहिली, स्वतः एकदाही पलीकडे गेली नाही. व्हिसा मिळाला नाही, आणि नंतर तिने मागितलाही नाही. आता तिचे नाव नसले तरी नावावरचा दांडा रोज दुपारी जाऊन यायचा. या सावलीची परवानगी कोणाकडे मागायची हे मी पोन्सियानोसाहेबांना विचारले. त्यांनी ते टिपून घेतले. मला वाटते ते खरोखरच चिंतेत पडले.

क्रूस हलत नाही म्हटल्यावर साहेबांनी पाहुण्यांना सुरक्षित वाटावे म्हणून क्रूसाशेजारी एक पोलीस उभा केला. नाबोर. पोरगा गुणी, आमच्याच गल्लीतला, पण अंगावर काळा पोशाख, हातात लांब बंदूक, आणि नाकापर्यंत बांधलेले काळे फडके. पोलिसाची ओळख पटू नये म्हणून ते असते. नाबोरला मात्र सगळे गाव पोटावरून ओळखते. 'काय नाबोर, जेवलास का?' असे विचारत लोक जायचे. पण पाहुण्यांना ते पोट ओळखीचे नव्हते. त्यांना दिसायचे ते असे : क्रूस. लाल पाटी. कोणीही मारलेले नाही. आणि शेजारी बुरखा घातलेला बंदूकवाला.

त्या दिवशी फाटक नुसते वाऱ्याने फिरत होते.

"फडकं काढ रे बाबा," मी नाबोरला म्हणालो.

"काढलं तर बांध म्हणाल, काका."

त्याने फडके काढले. आदल्या दिवशी बाल्दोमेरोने त्याची अक्कलदाढ काढली होती. गाल टोमॅटोसारखा सुजलेला, डोळ्याखाली जांभळे. क्रूसाशेजारी आता मार खाल्लेला पोलीस उभा होता. मी म्हणालो, "बांध, बांध."

ऊन कडक होते आणि पोराला ताप भरला होता. एदुविहेसने घरातून ओबदुलियाची फुलाफुलांची छत्री आणली आणि त्याच्या हातात दिली. लांब बंदुकीला दोन्ही हात लागत, छत्रीला हात उरेना. म्हणून बंदूक माझ्या दुकानात फ्रेमच्या कपाटामागे ठेवली. हे साहेबांना अजून माहीत नाही.

आणि त्या छत्रीने काम केले. मिसेस हेगलंड नावाच्या एक म्हाताऱ्या बाई आहेत, उंच, काठीसारख्या. दर हिवाळ्यात यायच्या. फाटकातून आत आल्या, क्रूसाकडे न बघता, पाटी न वाचता छत्रीकडे सरळ चालत गेल्या, आणि छत्रीखाली सुजलेला नाबोर बघून थबकल्या.

"ओबदुलिया कुठे आहे?"

नाबोरला इंग्रजी येत नाही, पण नाव कळले. त्याने क्रूसाकडे बोट दाखवले.

मला पट्टेवाल्याने हाक मारून बोलावले. मी गेलो तेव्हा त्या फुटपाथच्या कडेवर, ओबदुलिया बसली होती तिथेच, पाय पसरून बसल्या होत्या. मी शेजारी बसलो आणि कसेबसे सांगितले, हृदय, चष्मा घेऊन पळाली, एक ओरखडा नाही. त्यांनी पर्स उघडून आपला जुना चष्मा काढला. म्हातारी माणसे जुना चष्मा टाकत नाहीत, वेळेला असू दे म्हणून जवळ ठेवतात. तो आम्हीच केलेला होता. त्याची काडी ओबदुलियाने किती वेळा सरळ केली असेल. बाईंनी तो क्रूसाच्या हातावर अडकवला, हात धरून मला उभे केले, आणि मग माझा हात धरून स्वतः उठल्या. कोणी कोणाला उठवले हे सांगता येणार नाही.

पलीकडच्या चाकांच्या वस्तीत ही गोष्ट पसरली. पाहुणे यायला लागले. माझ्याकडे नाही, तिच्याकडे. प्रत्येकाच्या पर्समध्ये एक जुना चष्मा होताच. पंधरवड्यात क्रूसाचे दोन्ही हात भरले, मग दांडा भरला. सकाळचे ऊन पडले की सगळ्या काचा एकदम चमकायच्या. मी दुकान उघडण्याआधी तिथे उभा राहायचो. प्रत्येक चष्मा मला ओळखू यायचा. हा नंबर मी काढला, ही फ्रेम तिने निवडली, हे नाक तिने बसवले. चाळीस वर्षे आम्ही काय केले ते तिथे लटकत होते, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. वाटू दे. मी लपवणार नाही.

पण सुख म्हणून कोणाला बघवते? जे पाहुणे ओबदुलियाला ओळखत नव्हते, ते फाटकातून आत आले की त्यांना क्रूसावर ढीगभर चष्मे दिसायचे. एकाने शेवटी बाल्दोमेरोला हळूच विचारले, "एवढे सगळे गेले? आणि फक्त चष्मेच सापडले?"

बाल्दोमेरो माझ्याकडे आला. त्याने नुसते हात जोडले.

त्यातच राजधानीतून एक अधिकारी बाई येणार अशी बातमी आली. आमचा रस्ता पाहुण्यांसाठी निर्भय आहे की नाही हे त्या बघणार, आणि असला तर प्रमाणपत्र देणार. पोन्सियानोसाहेबांची झोप उडाली. बाई यायच्या दिवशी सकाळीच त्यांनी लोहाराला कापायचे यंत्र देऊन पाठवले. ज्याने घडवला तोच लोहार. पण फाटकापाशी विजेचे बटण नाही. सगळ्यात जवळचे माझ्या दुकानात. लोहार दारात उभा राहिला, वायरचे टोक हातात.

"दादा, राग मानू नका. जरा प्लग वापरू का?"

नाही म्हणायला मला अर्धा क्षण लागला असता. पण समोर बाल्दोमेरो त्याच्या दारात उभा होता, पट्टेवाला त्याच्या, औषधवाला त्याच्या. त्या सगळ्यांचा हंगाम माझ्या बायकोच्या क्रूसावर लटकला होता. आणि ती असती तर तिने पहिली रस्त्याची काळजी केली असती, मग स्वतःची, मग माझी.

"वापर," मी म्हणालो. "पण आधी मला चष्मे उतरवू दे."

एदुविहेस माझ्यामागे टोपली घेऊन आली. मी एकेक चष्मा काढून, फुंकर मारून, पुसून तिच्या टोपलीत ठेवू लागलो. नाबोर आमच्यावर छत्री धरून उभा होता. शेजारी परतीची रांग, नेहमीसारखी लांब.

मी तिसरा का चौथा चष्मा काढला असेल, तेव्हा रांगेतून मिसेस हेगलंड बाहेर आल्या.

हे समजायला त्या रांगेत उभे राहिलेले असावे लागते. त्यांचा नंबर जवळजवळ आला होता. त्या आल्या आणि क्रूसाचा एक हात आपल्या हाताने धरून उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे एक म्हातारा आला. मग एक जोडपे आले. मग अख्खी रांग फाटल्यासारखी होऊन क्रूसाभोवती जमा झाली. नवीन दातवाले, औषधांच्या पिशव्यावाले, कुंड्यांना कवटाळलेले, कोणी काठीवर, कोणी चाकांच्या खुर्चीवर. पलीकडच्या दारातला अधिकारी बाहेर येऊन बघू लागला, कारण त्याच्यापुढे आयुष्यात पहिल्यांदा कोणीच नव्हते. लोहाराने यंत्र खाली ठेवले आणि टोपी काढली.

आणि नेमक्या त्याच वेळी पोन्सियानोसाहेब राजधानीच्या बाईंना घेऊन पोहोचले.

"हा काय दंगा आहे?" बाई म्हणाल्या.

"दंगा नाही, बाई, हे... हे सांस्कृतिक आहे," साहेब म्हणाले. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता.

बाईंनी साहेबांकडे लक्ष दिले नाही. त्यांनी सरळ मिसेस हेगलंडना विचारले, "आजी, तुम्हाला इथे भीती वाटते का?"

मिसेस हेगलंडना स्पॅनिश येत नाही असे मला वाटत होते. त्यांना थोडे येत होते. जेवढे येत होते तेवढे कोणाकडून शिकल्या ते त्यांनी तोंड उघडताच कळले, कारण शब्द खेचायची ती तऱ्हा, शेवटी मान उडवायची ती लकब, सगळी माझ्या बायकोची होती.

"भीती पहिल्या कोपऱ्यापर्यंतच असते," त्या म्हणाल्या. "चला माझ्याबरोबर."

आणि राजधानीच्या बाईंचा हात धरून त्या कोपऱ्याकडे चालू लागल्या. वाटेत थांबून म्हणाल्या, "तुमच्या चष्म्याची काडी वाकडी आहे." ती खरोखर वाकडी होती. मी ती फुकट सरळ करून दिली.

प्रमाणपत्र मिळाले. ते पोन्सियानोसाहेबांच्या टेबलामागे लावलेले आहे, आणि चष्म्यांचा क्रूस ही त्यांचीच कल्पना होती असे ते आता सांगतात. पालिकेच्या पत्रकात क्रूसाचा फोटो आहे. जुना चष्मा लटकवणारा पुन्हा परत येतो अशी आमच्याकडे प्राचीन दंतकथा असल्याचे खाली छापले आहे. अशी काही दंतकथा नाही. पण लोक परत येतात, तेव्हा मी तक्रार करत नाही. बाल्दोमेरो तिसरा मजला चढवतो आहे. लाल पाटी काढली. नवीन पाटीचा मजकूर समितीने ठरवला नाही, मी ठरवला : इथे ओबदुलिया उभी असायची. एदुविहेसने वाचून मान हलवली, आणि चूक काढली नाही.

नाबोरची सूज उतरली. छत्री अजून त्याच्याकडेच आहे. आज्या त्याला काडी सरळ करायला सांगतात. मी त्याला पेचकस धरायला शिकवतो आहे. हात जड आहे त्याचा.

एक गोष्ट मात्र आहे. मिसेस हेगलंडना मी व्हिटकोम यांच्याबद्दल विचारले. ते त्यांच्याच वस्तीत राहतात. जुन्याच चष्म्यावर दिवस काढतात, वाचता येत नाही, पत्ते खेळताना हातातली पाने शेजारी ओळखून सांगतात. त्यांना सगळे कळले आहे. इकडे यायला भितात. गोळीला नाही, चोराला नाही.

"मला भितात?" मी म्हणालो.

बाईंनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "मी नेऊन देऊ का त्यांना चष्मा?"

त्या चांगल्या बाई आहेत, पण हा धंदा त्यांचा नाही. चष्मा असा पाकिटात घालून पाठवायचा नसतो. तो माणसाच्या कानावर ठेवून, नाकावर बसवून, काडी हवी तेवढी वाकवून द्यायचा असतो. ओबदुलियाने एकही चष्मा कधी दुसऱ्या हाती दिला नाही, आणि हा तर तिने स्वतः द्यायला घेतला होता. मला पलीकडे जाता येत नाही. त्यांनी यायला हवे. मी बाईंना सांगितले, त्यांना म्हणावे, भीती पहिल्या कोपऱ्यापर्यंतच असते, आणि कोपऱ्यापर्यंत मी येऊन थांबतो.

रोज दुपारी मी दुकान नाबोरवर सोपवून फाटकापाशी जातो. चष्मा पुसून एप्रनच्या खिशात ठेवलेला असतो. काल ते आले नाहीत. आजही नाही.

मिस्टर व्हिटकोम यांचा चष्मा अजून द्यायचा राहिला आहे.